ज्ञानेशला बघायला दोन गावं आली

इंद्रजीत ऑस्ट्रेलियात दोन वर्षं राहून कासुर्डीला परत आला, तो तिकडचा एक नियम घेऊन आला. त्याऐवजी चॉकलेटं आणली असती तर बरं झालं असतं, असं पुढं बरेच जण म्हणाले.

तिकडं म्हणे एक फुटबॉल असतो. चेंडू लांबट, आणि नाव फुटबॉल असलं तरी गडी तो हातात घेऊन पळतात. त्या खेळात ज्याचा बाप एखाद्या क्लबकडून पुष्कळ खेळला असेल, त्याच्या पोरावर त्या क्लबचा पहिला हक्क. शिरूर आणि दौंड अशा दोन तालुक्यांची मिळून कबड्डीची लीग निघाली, तेव्हा इंद्रजीत तिचा सेक्रेटरी झाला आणि त्यानं हाच नियम इथं लावला. बाकीच्या खेळाडूंचा लिलाव होणार. जुन्या खेळाडूच्या पोराला मात्र बापाच्या मंडळानं घरी जाऊन आधी मागून घ्यायचं.

आता दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याचं पोर कसं मागतात, याची दोन्ही तालुक्यांत लोकांना एकच पद्धत ठाऊक. त्यामुळं रविवारी सकाळी कासुर्डीच्या मंडळाचे अध्यक्ष मारुतराव कडक इस्त्रीचे कपडे घालून, नारळ आणि टॉवेल-टोपी घेऊन मंडळाचा जुना खेळाडू संपत याच्या दारात आले. शेजारी सेक्रेटरी म्हणून इंद्रजीत. संपत आत पोहे करत होता.

पोहे आजवर त्यानं फक्त खाल्ले होते. गेल्या दिवाळीच्या आधी बायको शेवंताबाई गेली, तेव्हापासून तो भात लावायचा आणि ओट्यापाशी उभ्यानंच खाऊन घ्यायचा. एकट्यासाठी ताट मांडून बसायला त्याला नको वाटायचं. मुलगा ज्ञानेश रांजणगावच्या कंपनीत कामाला होता आणि कारेगावात मामाकडं राहायचा. त्यानं घरी राहायला यावं, एवढंच संपतला हवं होतं. पण फोनवर तो रोज उलटंच बोलायचा. "तिथंच ऱ्हा. माझं झ्याक चाललंय. कशाला ये-जा करतो?" पोरगं बरं म्हणायचं आणि फोन ठेवायचं.

कासुर्डीकडून खेळला तर तालमीला तरी घरी येईल, हा संपतचा हिशोब. म्हणून तर त्यानं पोह्यांचा घाट घातला होता. पोहे पाण्यात घालून तो आंघोळीला गेला होता. आल्यावर पाहिलं तर त्यांचा लगदा झाला होता. त्यानं तसाच फोडणीला टाकला.

ज्ञानेश नवा शर्ट घालून खाली मान घालून सतरंजीवर बसला होता. मारुतरावांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"उंची?"

"पाच दहा, आप्पा."

"जरा चालून दाखव."

ज्ञानेश दारापर्यंत चालत गेला आणि परत आला.

"चालतंय चांगलं," मारुतराव इंद्रजीतला म्हणाले. "पायात दोष न्हाई."

"आप्पा, तो राज्याला खेळलाय," इंद्रजीत म्हणाला. "पाय लोकांनी बघितलेत त्याचे."

इतक्यात बाहेर जीप थांबली आणि कारेगावच्या मंडळाचे अध्यक्ष चांगदेव उतरले. शेवंताबाईचे धाकटे भाऊ, ज्ञानेशचे मामा. त्यांच्याही हातात नारळ होता, आणि पेढ्यांचा पुडाही.

"तुम्ही हिकडं कसं काय?" मारुतरावांनी विचारलं.

"नियमानं आलोय. दाजी आमच्याकडून खेळल्यात."

हे खरं होतं. कारेगावच्या जत्रेत कबड्डीचे सामने व्हायचे आणि जावई आला की गाव त्याला आपल्या संघात उतरवायचं. संपत लग्नानंतर दरवर्षी उतरला. तो चढाईला गेला की समोरचे नुसते हात पसरून उभे राहायचे. पंचक्रोशीतली सगळी सोयरी माणसं. कुणाचा मेव्हणा, कुणाचा व्याही. जावयाची तंगडी धरून त्याला मातीत लोळवायचं कुणाच्यानं होईल? संपत हात लावत सुटायचा आणि गुण घेऊन परत यायचा. कारेगावात आजही त्याच्या नावानं पोरांना दम भरतात.

कासुर्डीत चित्र वेगळं होतं. इथंही तो पुष्कळ वर्षं खेळला, पण चढाईला गेला की मैदानाबाहेरची माणसं त्याची चप्पल सरळ करून ठेवायची. लगेच लागणार म्हणून. ही सवय मारुतरावांनीच पाडली होती, आणि आजवर चावडीवर ते हे दर चार दिवसांनी सांगत.

"मग मला बघावं लागंल, खरा हक्क कुणाचा," इंद्रजीत म्हणाला. "कुणाकडनं बाप जास्त चांगला खेळला, त्ये सांगा."

चांगदेव लगेच बोलले. "दाजींना कारेगावात कुणी कवा धरलं न्हाई. एकदा बी न्हाई. वाघ होता वाघ."

सगळ्यांनी मारुतरावांकडं पाहिलं. मारुतरावांनी घसा साफ केला.

"संपत म्हंजी," ते म्हणाले आणि थांबले. "संपत म्हंजी आमचा... कणा होता."

"कशाचा?" संपतनं आतून विचारलं.

"संघाचा. तू पोहे बघ."

"न्हाई, कसा कणा, त्ये तरी कळू द्या, आप्पा."

"तू लवकर बाद व्हायचा," मारुतराव घाम पुसत म्हणाले, "त्यो डाव होता. समोरचे गाफील राहायचे. डोकं लागतं त्याला."

संपत झारा हातात घेऊनच बाहेर आला. असं काही आपल्याबद्दल मारुतरावांच्या तोंडून ऐकायला मिळेल, हे त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. शेवंता असती तर पदर तोंडाला लावून हसली असती. त्यानं सगळ्यांना बशा दिल्या. चांगदेवांनी एक चमचा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिले, चावण्यासारखं त्यात काही नव्हतं तरी.

"उप्पीट चांगलं झालंय, दाजी."

संपतनं मान हलवली.

इंद्रजीतनं बशी खाली ठेवली. "दोन्हीकडचा हक्क बसतोय. मग तिकडं काय करत्यात, की पोराला विचारत्यात."

"पोराला?" मारुतराव आणि चांगदेव एकदम म्हणाले. बोलणी चालू असताना असलं काही कुणी केलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"बोल, ज्ञानेश."

"आबा म्हणतील तसं."

"तू म्हणशील तसं," संपत म्हणाला.

"न्हाई, तुम्ही सांगा, आबा."

"मला काय. तुझं सुख बघ."

"माझं काय, मी कुठं बी खेळंन."

"मग झालं तर."

"काय झालं?" मारुतराव वैतागले. "अरे, 'पहले आप' करायचं तर बाप-लेक लखनौला जाऊन बसा. इथं कासुर्डीत कायतरी एक बोला."

संपत झाऱ्याकडं बघत राहिला. पुन्हा "तिथंच ऱ्हा" म्हणणं सोपं होतं, ओठावरच होतं. चांगदेव नारळ पुढं सरकवायला लागले, तसा तो म्हणाला, "कासुर्डी. पण तालीम रोज पाहिजे."

"रोज?" मारुतराव म्हणाले. "आपली रविवारी असती."

"रोज. संध्याकाळी."

"आरं, पण कशाला रोज?"

"म्हंजी त्यो घरी जेवंल," संपत म्हणाला. "मला एकट्याला जेवण जात न्हाई."

मग ज्ञानेश खाली बघतच म्हणाला, "कंपनीची बस हितं जवळ यवतपर्यंत येती. मी मागंच विचारून ठिवलंय. पर तुम्हीच नगं म्हणायचा."

चांगदेवांनी नारळ मागं घेतला. पेढ्यांचा पुडा मात्र सोडून मधे ठेवला. "लिही, इंद्रजीत. पोरगं कासुर्डीचं. तालीम रोज. आन् जेवायच्या टायमाला सोडायचं, उशीर करायचा न्हाई. मामा म्हणून माझी एवढी अट."

"एवढ्या अटी तर लेकीच्या लग्नात बी घातल्या न्हाईत मी," मारुतराव म्हणाले आणि त्यांनी दोन पेढे उचलले.

सोमवारी संध्याकाळी तालमीला ज्ञानेश आला, शिट्टी घेऊन मारुतराव आले, आणि बाकीचं कुणीच आलं नाही, कारण सोमवारी तालीम असते हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. तेव्हा समोरचा संघ म्हणून संपतला उभं केलं. ज्ञानेशनं त्याला तीनदा सोडलं. चौथ्यांदा मारुतराव ओरडले, "धर की. तुझा जावई हाय का त्यो?" मग ज्ञानेशनं बापाला कमरेतून अलगद उचललं आणि मातीत ठेवलं.

"लागलं का, आबा?"

"न्हाई. भूक लागली."

मारुतरावांनी घड्याळ न बघताच शिट्टी वाजवली.