डाव्या कोपऱ्याखालचं पान

मी किटलीच्या झाकणाचा साचा बोलतोय. अख्ख्या किटलीचा नव्हे, नुसत्या झाकणाचा; उगाच मोठेपणा सांगायची मला सवय नाही. सध्या मी एका लाकडी खोक्यात आहे, खोकं जहाजात आहे आणि जहाज समुद्रात. करायला काही नाही. म्हटलं, आपलं थोडं सांगून घ्यावं.

माझे दोन भाग, वरचा आणि खालचा. मध्ये पोलादाची पातळ चकती ठेवायची, चाळीस टनांचा दाब पडायचा आणि चकतीचं झाकण व्हायचं. "एरवी दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत आणि दाब आला की एक. अगदी आमच्या घरच्यासारखं," असं आमचा स्टोअरकीपर म्हणायचा. त्याची बायको त्याच कारखान्यात पॅकिंगला होती, त्यामुळे तो हे फार हळू म्हणायचा.

जन्मतःच माझ्यात एक खोट राहिली. फिटरने दोन महिने घासून मला घडवलं. पण कडकपणा यावा म्हणून तापवून तेलात बुडवलं, तेव्हा खालच्या भागाचा डावा कोपरा केसभर बसला. पहिलं झाकण किटलीवर ठेवलं आणि ते डुगडुगलं. मोठे साहेब म्हणाले, "भंगारात टाका." फिटर टोपी काढून नुसता तिच्या आत बघत बसला.

तेव्हा प्रेस चालवणारा पुढे झाला. त्याला सगळे मिलिमीटर म्हणत, कारण तो स्वतःचा जेवणाचा डबासुद्धा बंद केल्यावर चारी बाजूंनी वाकून बघायचा. भिंतीवर एका तेलाच्या व्यापाऱ्याचं कॅलेंडर होतं. त्याने सरलेल्या महिन्याचं पान फाडलं, चौपदरी घडी घातली, माझ्या डाव्या कोपऱ्याखाली सरकवली आणि पायडल दाबलं. या वेळी झाकण किटलीवर बसलं ते हललं नाही. मोठ्या साहेबांनी ते बोटाने तीनदा टोकरून पाहिलं आणि दुसरीकडेच काहीतरी काम असल्यासारखे निघून गेले.

महिनाभर दाब खाऊन कागद चपटा व्हायचा. म्हणून दर एक तारखेला जुनं पान काढून नवं घालायचं, असा रिवाजच पडला. सव्वीस वर्षं तो चालला. माणसं सरलेला महिना विसरून जातात; माझा तोल त्याच्यावरच टिकून होता. आणि गंमत म्हणजे ही गोष्ट कुठेही लिहिलेली नव्हती. कारखान्यात हातरुमालांचीसुद्धा नोंद होती, पण या पानाची नव्हती.

पुढे मोठे साहेब गेले आणि पुतणेसाहेब आले. त्यांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, की यापुढे आपण किटल्या बनवायच्या नाहीत, किटल्यांचा विचार करायचा. बनवतील दूर देशातले लोक, स्वस्तात. विचार करायला किती माणसं लागतील, असं कुणी विचारलं. चार, असं उत्तर आलं. बाकीच्यांपैकी काही गोदामात, उरलेले घरी.

त्या दिवशी चहाच्या वेळी मोठी चर्चा झाली.

"आपण बाहेरून घेतो जास्त, विकतो कमी. याला व्यापारातली तूट म्हणतात," स्टोअरकीपर वर्तमानपत्र आपटत म्हणाला. "देश बुडतो अशानं."

"तुझ्या पायातल्या चपला कुठल्या रे?" मिलिमीटरने विचारलं.

"त्या स्वस्त मिळाल्या."

"मग झालं तर."

"झालं काय? स्वस्त मिळणं वाईट असतं होय? गरिबाच्या पायात पण चप्पल आली की!"

"आणि ती घ्यायला पगार कोण देणार, ते आलंय का तुमच्या पेपरात?" पॅकिंगमधून बायकोचा आवाज आला. स्टोअरकीपरने पेपर उलटून बघितला. त्यात ते आलेलं नव्हतं.

मला परदेशी पाठवायचं ठरलं. पुतणेसाहेब कागद घेऊन मिलिमीटरसमोर उभे राहिले. "साच्याबद्दल आणखी काही सांगायचंय?"

मिलिमीटरने माझा कोपरा उचलला, पान काढलं आणि खिशात घातलं. "नाही साहेब. साचा आहे. दाबला की झाकण."

इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच खोटं बोलत होता आणि मला त्याचं कारण कळत होतं. झाकणं डुगडुगतील, माल परत येईल, साहेब शुद्धीवर येतील आणि काम पुन्हा इथे सुरू होईल, असा त्याचा हिशेब. मी काय बोलणार? साच्याला तोंड असतं, पण ते बोलण्यासाठी नसतं.

जाताना आमचं जहाज जवळजवळ रिकामं होतं. रद्दी कागदाचे गठ्ठे आणि मी. समोरून येणारी जहाजं मात्र पाण्यात खोल बसलेली. तूट म्हणजे काय, ते मला पेपर न वाचता समजलं.

तिथे माझ्या प्रेसवर एक बाई होती. मी तिला मनातल्या मनात ताई म्हणू लागलो. सकाळी आल्या आल्या ती मला बाहीने पुसायची, हे मला आवडलं. झाकणं अर्थातच डुगडुगली. मुकादम ओरडायचा, शिव्या कळायला भाषा यावी लागत नाही. तरी घाई होती म्हणून माल खोक्यांत गेला आणि जहाजावर चढला.

ताई मात्र गप्प बसेना. जेवणाच्या सुट्टीत झाकण नखावर ठेवून फिरवायची, एक डोळा मिटून त्याची कड बघायची. एक दिवस तिने माझ्या कडेवरून अंगठा फिरवला आणि डाव्या कोपऱ्याशी थांबली. उठली, भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडलं, घडी घातली आणि बरोबर तिथेच सरकवली. झाकण गप्प बसलं. ती एकटीच हसली. मला वाटलं, आता मिलिमीटर असता तर!

पण मुकादमाने कागद पाहिला आणि ओढून काढला. सूचनांच्या पत्रकात असलं काही लिहिलेलं नव्हतं. तोवर आमच्याकडून तक्रारही पोचली होती. साचा परत पाठवा, असं ठरलं, आणि निकाल लागेपर्यंत ताईला प्रेसवरून हटवून झाडायला लावलं. खोकं बंद होण्यापूर्वी ती झाडू घेऊन आली, इकडे तिकडे पाहिलं आणि तेच पान ग्रीस लावून माझ्या कोपऱ्याखाली चिकटवून गेली.

येताना जहाज इतकं भरलेलं होतं, की मला श्वास घ्यायलाही जागा नव्हती. साचा श्वास घेत नाही म्हणून बरं.

आमच्या जुन्या कारखान्याचं आता गोदाम झालं होतं. मिलिमीटर तिथे परत आलेल्या किटल्यांची झाकणं तपासायला बसायचा. एकच प्रेस उरली होती. ती भंगारवाल्यालाही नको होती. पुतणेसाहेब म्हणाले, "ते म्हणतात, साचा खराब आहे. मला वाटतं, त्या बाईला काम येत नाही. तू चालवून दाखव. नीट झाकण निघालं तर तिला काढून टाकायला सांगतो आणि झाकणं पुन्हा इथेच काढू. तू आणि आणखी सहाजण."

स्टोअरकीपरने मागून ढोसलं. "दाब लेका! वाट कसली बघतोस?"

मिलिमीटरच्या खिशात त्याचं पान तयार होतं. ते सरकवायला त्याने माझा कोपरा उचलला आणि थांबला. ताईचं पान निघालं. त्याने ते उलगडलं. लिपी अनोळखी होती, पण आठवड्यांचे चौकोन ओळखीचे. एका तारखेभोवती पेनाने गोल केलेला होता. त्याने घड्या मोजल्या, कागद बोटांत चोळला.

"पातळ आहे, म्हणून पाच पदर," तो स्वतःशीच म्हणाला.

"काय झालं रे?" स्टोअरकीपरने विचारलं.

"हिला येतं रे." तो सावकाश खाली बसला. मग साहेबांकडे वळला. "साहेब, त्या बाईला काम येतं. साच्यातली खोट मला ठाऊक होती. मीच सांगितली नाही." आणि त्याने सव्वीस वर्षांची गोष्ट सांगून टाकली.

पुतणेसाहेब लाल झाले. "तेव्हा मी विचारलं नव्हतं का तुला?"

"सांगायचंय का, असं विचारलंत, साहेब. कसं करतोस, असं कुणी विचारलंच नाही."

साहेब म्हणाले, "तिला कामावर ठेवलं, तर काम तिकडेच राहणार. हे कळतंय ना तुला?"

"कळतंय. पण तिला प्रेसवर परत घ्या, असं तुम्ही लिहा. एवढं कराच."

साहेब गेल्यावर स्टोअरकीपरने कपाळावर हात मारला. "सहाजणांचं काम घालवलंस, गाढवा!" त्याची बायकोही म्हणाली, "एवढा चांगुलपणा घेऊन घरी काय शिजवणार?" पण त्या दिवशी चहाचा पहिला पेला तिने नवऱ्याला न देता मिलिमीटरला दिला. त्याने तो थंड होईपर्यंत हातात धरून ठेवला.

मला खोक्यात त्यानेच भरलं. तेल लावलं, डाव्या कोपऱ्यावर लाल रंगाने बाण काढला. गोदामात पडून राहिलेल्या गेल्या वर्षाच्या कॅलेंडरची बाराही पानं चौपदरी घड्या घालून सुतळीने बांधली आणि माझ्याशेजारी ठेवली. चिठ्ठी लिहिण्यात अर्थ नव्हता, म्हणून कागदावर एक किटली काढली, तिच्यावर न डुगडुगणारं झाकण. चित्र भयंकर आहे. किटली बदकासारखी दिसते. ताईचं पान मात्र त्याने परत दिलं नाही. ते त्याच्या खिशात आहे.

तर जहाज पुन्हा हलकं आहे आणि मी पुन्हा निघालोय. दोन्ही देशांतले शहाणे तूट मोजत बसले असतील; मोजू देत, त्यांचंही पोट आहे. माझं मागणं लहान आहे. खोकं उघडणाऱ्यांनो, सुतळीचा गठ्ठा कचरा समजून फेकू नका. प्रेसवरच्या बाईला बोलवा. तिथे दुसरीच कुणी असेल, तर कोपऱ्यात झाडू घेऊन उभ्या असलेल्या बाईला बोलवा.

ती चार पदर मोजेल आणि इकडचा कागद जाड असतो, हे तिला कळेल. बाकीचंही कळेल.