'मागची रांग'चं विमोचन

सपनाच्या पहिल्यावहिल्या अल्बमचं विमोचन होतं, आणि त्या अल्बमला सोडून बाकी सगळ्यांना माइक मिळत होता.

आता बघा, पुसेगावचं मंगल कार्यालय दुपारी तीनपर्यंतच मिळालेलं. तीननंतर तिथं कुणाचातरी साखरपुडा. अकराचा कार्यक्रम साडेबाराला सुरू झाला, ते तर चालायचंच. पण सुरू झाल्यावर तरी गाणी लावावीत की नाही? छे! बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोंना हार घातले, त्रिशरण-पंचशील झालं, तिथवर सगळं रीतसर. मग जे सत्कार सुरू झाले ते संपायचं नावच घेईनात. माजी सभापतींना शाल दिली, मग माजी उपसभापतींना वाईट वाटू नये म्हणून त्यांनाही. त्यांना दिली, तर मंडपवाल्यानं काय घोडं मारलंय? त्यालाही दिली. शाली पुरेनात तेव्हा आधी दिलेल्या दोन गुपचूप मागून आणल्या. आणि प्रत्येक शालीला फोटो! फोटोवाला एकदा म्हणाला, डोळे मिटले, परत घाला. घातली परत.

हे सगळं चालवत होता प्रेमानंद, सपनाचा आतेभाऊ. मनानं सोन्यासारखा माणूस, पण हातात माइक आला की तो कुणाचा राहत नाही. हॉल त्यानंच मिळवला, पाहुणे त्यानंच जमवले, त्यामुळे त्याला बोलायचीही सोय नव्हती. सपना मंचावर कडेच्या खुर्चीत नवं जीन्सचं जाकीट घालून घामानं निथळत बसली होती.

तिला पाहुण्यांशी काही देणंघेणं नव्हतं. तिला एकाच माणसाला गाणं ऐकवायचं होतं, आणि तो माणूस खाली खांबाला टेकून बसला होता. तिचा बाप, नरसिंग. साखऱ्याच्या नरसिंगची गायन पार्टी साऱ्या सेनगाव तालुक्यात ठाऊक. भीमजयंतीच्या दिवसांत तो घरी सापडायचा नाही. सपना शाळेत असल्यापासून त्याच्या पार्टीत मागं कोरसला उभी राहायची. पुढं तिनं स्वतःची गाणी रचली. गिटार शिकली, मोबाईलवर ताल बसवला, आणि हिंगोलीच्या एका स्टुडिओत दोन वर्षं खेपा घालून आठ गाणी पुरी केली. बाहेर ऑटोचा हॉर्न वाजला की पुन्हा पहिल्यापासून! बापानं कधी अडवलं नाही, पण कधी विचारलंही नाही. फोन पुढं केला की म्हणायचा, "पुरं होऊ दे. अर्धवट म्या ऐकत न्हाई." पुरं झालं तेव्हा म्हणाला, "चार माणसांत ऐकतो की."

अल्बमचं नाव 'मागची रांग'. त्यातलं त्याच नावाचं तिसरं गाणं बापावरच होतं. कोरसमधल्या पोरीला जन्मभर बापाची पाठच दिसली. आज ते गाणं वाजताना सपनाला त्याचं तोंड बघायचं होतं. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

दोन वाजून गेले. सपनानं प्रेमानंदचा सदरा ओढला. "दादा, गाणं लाव की आता."

"लावतो गं! पाहुण्यांचं दोन शब्द होऊ दे."

पाहुण्यांचे दोन शब्द कधी दोन असतात का? माजी सभापती आजच्या पिढीवर बोलले, मोबाईलच्या दुष्परिणामांवर बोलले, आणि शेवटी छातीवर हात ठेवून म्हणाले, "सपनाताईची सगळी गाणी मी काल ऐकली. डोळ्यांत पाणी आलं." टाळ्या पडल्या. सपनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाणी तिनं अजून कुणाला दिलीच नव्हती! काय ऐकलं ह्या माणसानं?

मग विमोचन. आता अल्बम तर इंटरनेटवर यायचा, मग उघडायचं काय? प्रेमानंदनं स्टीलच्या ताटात पेनड्राइव्ह ठेवला होता, वर लाल रुमाल. पाहुण्यांनी रुमाल उचलला, चिमटीत पेनड्राइव्ह धरून कॅमेऱ्याकडं बघितलं आणि तो परत ताटात ठेवला. झालं विमोचन.

सपना उठली. कुणाला न विचारता सरळ साउंडवाल्याजवळ गेली आणि तो पेनड्राइव्ह त्याच्या हातात कोंबला. "तिसरं लाव. आत्ता."

साउंडवाल्यानं तो लावला, बोटही बटणावर ठेवलं, आणि प्रेमानंद ओरडला, "थांबा, थांबा! ज्यांनी हा हिरा घडवला, ते आमचे नरसिंगमामा दोन शब्द बोलतील!"

सपनाला वाटलं, असू दे. बाबा काय बोलणार? मंचावर तासन्‌तास गाईल, पण बोल म्हटलं की हात जोडून खाली उतरणारा माणूस.

पण नरसिंगनं माइक धरला आणि तो बोलला. अगं बाई, काय बोलला! सपना पाळण्यात असताना ढोलकी ऐकली की रडायची थांबायची, इथून सुरुवात. तिच्या आवाजाला तोड नाही म्हणाला. माझ्या पार्टीपेक्षा पोरगी दहा पावलं पुढं गेली म्हणाला. सपनाला हुंदकाच आला. हे ऐकायला ती किती वर्षं तरसली होती! तिनं जाकिटाच्या बाहीनं डोळे पुसले आणि बघितलं तर पावणेतीन झालेले. नरसिंग पाळण्यापासून परत सुरू झाला होता. साखरपुड्याची माणसं फळांच्या टोपल्या घेऊन दारात उभी. कार्यालयाचा माणूस मागून घड्याळ दाखवत होता. सपनानं बापाला डोळ्यांनी खुणावलं, मग हातानं खुणावलं. त्यानं बघितलं, आणि तो बोलतच राहिला.

"जय भीम" म्हणून तो थांबला तोवर मागच्या खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती. प्रेमानंदनं माइक घेतला. "वेळेअभावी गाणी सर्वांनी आपापल्या मोबाईलवर ऐकावीत. जेवण केल्याबिगर कुणी जाऊ नये!"

मागच्या अंगणात पंगत बसली. नरसिंग भिंतीलगत बाकड्यावर बसून तोंड पुसत होता. "झ्याक झाला कार्यक्रम," तो म्हणाला.

सपनाचा बांध फुटला. "काय झ्याक झाला? एक गाणं वाजलं न्हाई! कधी न बोलणारे तुमी, आजच काहून बोलत सुटले? म्या इतक्या खुणा केल्या, दिसल्या न्हाईत?"

"दिसल्या."

"मग?"

"मुद्दाम बोललो, सपे. मला गाणं आवडलं न्हाई तर लपवता येत न्हाई. तोंड वाकडं व्हतं माझं. पार्टीतल्या पोरांना ईचार. तुझ्या कार्यक्रमात सगळे टाळ्या वाजवून राहिले, अन् तुझ्या बापानंच तोंड वाकडं केलं असतं तर?"

"म्हंजे न ऐकताच ठरवलं, आवडणार न्हाई म्हून?"

"ठरवलं न्हाई बाई. भेव वाटलं."

एवढा संताप तिला सभापतींचाही आला नव्हता. तिनं एक खुर्ची ओढून बरोबर त्याच्यासमोर मांडली, गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि फोन बाहेर काढला. "आता कोन बघतंय इथं? समदे जेवून राहिले. करा तोंड वाकडं. पन ऐका."

गाणं सुरू झालं. नरसिंगनं डोळे मिटले. पहिल्या ओळीला त्याची मान हलली. पहिलं कडवं संपलं तेव्हा त्याचं बोट बाकड्यावर ताल धरू लागलं. दुसऱ्या कडव्याला त्याच्या भुवया आवळल्या. मग ओठ मुडपले गेले, आणि खरंच, तोंड वाकडं झालं. चांगलंच झालं.

गाणं थांबलं. "न्हाई आवडलं," ती म्हणाली.

"गानं आवडलं. लई आवडलं. गायलीस ते न्हाई." त्यानं डोळे उघडले, ते ओले होते आणि रागावलेलेही होते. "तुझा आवाज कुनी घासून काढला? मागच्या रांगेतली पोरगी इतकी गुळगुळीत गाती व्हय? माझ्या मागं तर तू बोंबलायचीस, पार पुढच्या गल्लीत जायचा आवाज. अन् दुसऱ्या कडव्यात दम चोरला तू."

"स्टुडिओवाल्यानं घासला! म्या भांडले त्याच्याशी!"

"कमी भांडलीस."

सपना चिडून रडायला लागली. खरं होतं, कमीच भांडली होती ती. पण दिवसभर इतकी माणसं तिच्या गाण्यांवर बोलली, आणि त्यात ऐकून बोललेला हा एकटाच.

आतून साखरपुड्याची सनई सुरू झाली. प्रेमानंद दारातून हाका मारत होता, फोटोसाठी. नरसिंग उठायला लागला.

"बसा," सपनानं त्याचा हात धरून खाली ओढलं. "उठायचं न्हाई. अजून सात हायेत."