पांढऱ्या नळीवरचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. दुधाचे कॅन वाहणारी नव्हे, रोड सायकल. खाली वळलेलं हँडल, बारीक टायर, पांढरी फ्रेम. लांबून पाहिलं तर शर्यतीतली वाटते. जवळ आलं की कळतं, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. आमच्या कंपनीच्या रोड सायकलींमध्ये मी सगळ्यात खालची, नवशिक्यांसाठी काढलेली. गिअर साधे, पेडल प्लॅस्टिकचे. तरी एके काळी माझा तोरा काही कमी नव्हता. आता तो उरलेला नाही. माझ्या अंगावर एक डाग होता, तो गेला. त्याच्याबरोबर एका आईचं काय गेलं, ते मला त्या घरात कुणाला सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

माझे पहिले मालक गुडगावचे विक्रांत. त्यांनी मला फार हौसेने घेतलं. हेल्मेट, काळा चष्मा, घट्ट रंगीत कपडे, सगळं आणलं. दोन-चार रविवार फिरवलं. मग थंडी पडली, मग हवेत धूर साचला, आणि त्यानंतर त्यांना नवीन कारण शोधावंच लागलं नाही. माझ्या हँडलवर टॉवेल वाळू लागले. शेवटी त्यांच्याच ऑफिसातल्या चैतन्यने मला विकत घेतलं आणि मी दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आले.

चैतन्यचे वडील श्यामकांत केंद्र सरकारच्या नोकरीत होते, आई विजयालक्ष्मी घर सांभाळायची. तो त्यांचा एकुलता एक मुलगा. तो त्यांना आई-बाबा म्हणायचा, म्हणून मीही तसंच म्हणते. त्याने आल्या आल्या माझ्या फ्रेमवरचं कंपनीचं नाव नखाने खरवडून काढलं.

"अरे, चांगलं नाव का काढतोयस?" आईने विचारलं.

"चोराला वाचता येतं ना, आई! बिल्कुल भंगार दिसली पाहिजे."

भंगार म्हटल्याचा मला राग आला होता. पण तो मला खांद्यावर घेऊन दोन मजले चढायचा, आणि चढताना माझ्याशी बोलायचा. असा माणूस काहीही म्हणाला तरी चालतं. रविवारी पहाटे आम्ही इंडिया गेटला जायचो, कधी सूरजकुंडवरून थेट फरीदाबादला. चढावर माझे साधे गिअर कुरकुरायचे. तो म्हणायचा, "चल यार, एवढाच चढ." पुढे आणखी एक चढ असायचाच. माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं तीच.

मित्रांनो, दसऱ्याला आपल्याकडे वाहनांची पूजा होते, हे तुम्हाला माहीत आहेच. बाबांची स्कूटर आणि मी, दोघींना आई हळदकुंकू वाहायची, झेंडूची माळ घालायची. एका दसऱ्याला तिची कंबर इतकी धरली होती, की तिला वाकता येईना.

"चैतू, आज तूच लाव बाबा."

बाबा खाली स्कूटर धूत होते. चैतन्यच्या ऑफिसला दसऱ्याची सुट्टी नव्हती आणि त्याला उशीर होत होता. कुंकू कालवायला त्याने पाणीसुद्धा आणलं नाही. चेनला घालायच्या तेलाचे थेंब कुंकवात टाकले आणि हँडलच्या खाली माझी जी पुढची नळी आहे, तिच्यावर अंगठा दाबला. अंगठा जरा तिरका पडला.

"अंगठ्याने लावतात का रे कुंकू?" आई हसून म्हणाली. "एवढा इंजिनियर झालास आणि शेवटी अंगठाबहाद्दरच राहिलास!"

"तेलातलं आहे, आई. बघ, पुढच्या दसऱ्यापर्यंत टिकतं की नाही."

टिकलं. तोच टिकला नाही. दसऱ्यानंतर चैतन्यला डेंग्यू झाला. दिल्लीत त्या दिवसांत घरोघरी तो तापच होता, म्हणून आधी कुणी घाबरलं नाही. मग एका सकाळी त्याला घाईघाईने दवाखान्यात नेलं. माझे कान जिन्याकडेच होते. जिन्यावर पावलं वाजली, पण ती फक्त आई-बाबांची होती.

त्यानंतर मी बाल्कनीत उभी राहिले. अंगावर एक जुनी चादर. टायरमधली हवा गेली, चेन गंजली, हँडलवरची टेप चिकट झाली. घरात चैतन्यचं नाव निघत नसे. चुकून निघालंच, तर दोघांपैकी एक जण उठून स्वयंपाकघरात जाई. पण आई रोज सकाळी कपडे वाळत घालायला यायची, चादर थोडी वर करायची आणि नळीवरच्या त्या अंगठ्यावर आपला अंगठा टेकवायची. तिचा त्याच्यापेक्षा लहान, म्हणून सभोवार लाल कड दिसत राही. क्षणभर तशीच उभी राहून ती पुन्हा कपड्यांकडे वळे. बाबांना हे माहीत नव्हतं. ते तोवर स्कूटर काढून ऑफिसला गेलेले असत.

अशी बरीच वर्षं गेली. बाबा निवृत्त झाले. क्वार्टर सोडून मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. त्याच सुमाराला आईच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, म्हणून आई पुण्याला गेली. आणि बाबांच्या मनात आलं, ती परत येईपर्यंत सायकल नवी कोरी करून ठेवायची. जे नाव तोंडाने घेता येत नव्हतं, ते त्यांना असं घ्यायचं होतं.

आधी मी कोण, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. नाव तर चैतन्यने खरवडलेलं. म्हणून महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीचा प्रसन्न आला. मूळचा पुण्याचा, सायकलवेडा माणूस. त्याने मला उलटं केलं, पेडलच्या मधल्या दांड्याखाली ठोकलेला नंबर फोनमध्ये शोधला, गिअर पाहिले. मग आमच्या फ्रीजवरचा गणपतीचा चुंबक काढून आणला आणि माझ्या अंगाला लावला. चुंबक खाली पडला.

"काका, फ्रेम ॲल्युमिनियमची आहे. हिला कधीच गंज चढायचा नाही. पुढचं चाक धरणारा हा फोर्क आणि हँडलखालची ही वाटी तेवढी लोखंडाची, म्हणून ती गंजलीय. मॉडेल तसं एकदम बेसिक आहे हं, आधीच सांगतो."

"असू दे," बाबा म्हणाले. "आमच्याकडे तीच आहे."

मग ते कामाला लागले. चेन रॉकेलात भिजवली, एकेक कडी टूथब्रशने घासली. झंडेवालानच्या सायकल बाजारातून टायर, ब्रेकच्या तारा, नवी टेप आणली. ज्या माणसाने आयुष्यात फायलींवर सह्या केल्या, त्याच्या बोटांना फोड आले. पोरगा होता तेव्हा कधी त्याच्याबरोबर मला चार पावलं चालवलं नाही, आता बैल गेला नि झोपा केला, असं माझ्या मनात आलं होतं. पण त्यांचे हात बघून तसं म्हणवेना. घासता घासता ते हळूच म्हणायचे, "चैतू, हे असंच बसवायचं ना रे?"

रोज संध्याकाळी पुण्याहून फोन यायचा.

"जेवलात का? काय चाललंय?"

"काही नाही गं, पॅकिंग."

"सायकल नीट गुंडाळा हो. सामानवाल्यांना हात लावू देऊ नका तिला."

"अच्छा, अच्छा. मी स्वतः बघतो," असं म्हणून बाबा माझ्याकडे बघून हसले.

दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर घेऊन ते पुढच्या नळीपाशी आले. वरची वाटी गंजली होती आणि तिच्या बरोबर खाली लालसर तपकिरी डाग. त्यांनी चष्मा सारखा केला.

"अरेरे! गंज इथवर उतरला की."

मित्रांनो, मला घंटी नाही. रोड सायकलला लावत नाहीत. असती तर मी सगळं आर. के. पुरम जागं केलं असतं. बाबा, चुंबक आठवा! मला गंज चढत नाही! पण त्यांनी डाग घासायला सुरुवात केली. तेलातलं कुंकू ते, सहजी निघेना. त्यांनी जोर लावला. आधी वरची कड गेली, मग मधल्या रेषा गेल्या. लाल भुकटी त्यांच्या पायावर पडली आणि ती त्यांनी झटकून टाकली. त्यावर पांढऱ्या रंगाचा फवारा मारला, वाळल्यावर आणखी एक. मग दोन पावलं मागे जाऊन ते कौतुकाने बघत राहिले. मी इतकी सुंदर कधीच दिसले नव्हते आणि इतकी एकटीही कधी नव्हते.

आई आली. बाबांनी तिला पर्ससुद्धा ठेवू दिली नाही, हाताला धरून बाल्कनीत आणलं आणि चादर काढली. आई बघत राहिली. तिचा हात आपोआप पुढे आला. अंगठा नळीवर टेकला, जरा खाली सरकला, पुन्हा वर गेला. आंधळं माणूस खोलीत दार शोधतं, तसा शोधत राहिला.

"अहो, इथे काहीतरी होतं ना?"

"गंज होता. सगळा काढला," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. "चैतूची सायकल आहे, विजया. अशी भंगारासारखी कशी न्यायची?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरात ते नाव मोठ्याने घेतलं गेलं. आईने बाबांकडे पाहिलं. मग त्यांच्या बोटांवरच्या फोडांकडे पाहिलं.

"छान केलीत हो," ती म्हणाली. "अगदी छान."

मग ती न्हाणीघरात गेली आणि नळ बराच वेळ वाहत राहिला. बाबा मात्र त्या दिवशी जेवताना चैतन्यबद्दल खूप बोलले. ती हो हो म्हणत राहिली. मयूर विहारला आल्यावरही ती रोज कपडे वाळत घालायला येई, पण माझी चादर वर करत नसे.

दसरा आला. आईने पाट, झेंडूची माळ, कुंकवाची वाटी आणली. वाकायला गेली आणि थांबली.

"आज तुम्हीच लावा."

बाबांनी कुंकवात पाणी घातलं. सवय नव्हती, म्हणून त्यांनीही अंगठाच बुडवला आणि पांढऱ्या नळीवर दाबला. तिरका, लाल ठसा उमटला. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांचा हात तिथेच थांबला.

"विजया," ते म्हणाले. "ॲल्युमिनियमला गंज चढत नाही."

आई माळ सारखी करत होती.

"तो… काय होता गं तो?"

"चैतूचा अंगठा होता," ती म्हणाली. "त्या दसऱ्याचा."

बाबा वाकले. माझ्या सीटवर कपाळ टेकवून ते रडले, आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून आई रडली. इतक्या वर्षांत दोघं एका वेळी कधी रडली नव्हती. पाण्यातलं कुंकू ते, संध्याकाळपर्यंत वाळून गळून गेलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं आम्ही वस्तू नेहमीच सांगतो. माझी तर खूप काळजी घेतली गेली. काळजीनेच मला घासलं गेलं. म्हणून मी एवढंच मागते, गेलेल्या माणसाची वस्तू स्वच्छ करायला घ्याल, तेव्हा आधी घरच्यांना विचारा की हा डाग कुणाचा आहे. बाबांनी विचारलं असतं, तर आईने सांगितलं असतं. पुण्याहून फोन तर रोज येत होता.