निवडणुकीपुरती भेट

मी बाक बोलतोय. तिसरीच्या वर्गातला, खिडकीजवळचा. सुताराने मला दोन मुलांच्या मापाने बनवलं, त्यामुळे मोठी माणसं बसली की त्यांचे गुडघे पोटाशी येतात. एरवी माझ्यावर करकटकाने नावं कोरली जातात, दप्तरं आदळली जातात. त्याबद्दल तक्रार नाही, पोरांचं ओझं ते काय! पण निवडणूक आली की शिपाईमामा मला उचलून व्हरांड्यात, मतदानाच्या खोलीच्या दाराशी ठेवतात. म्हाताऱ्या माणसांना टेकायला. त्या एका दिवसासाठी मी वर्षानुवर्षं झुरतो.

कारण त्या दिवशी माणसं बघण्यासारखी असतात. रोज आरडाओरडा करणारा इसम दारापाशी आला की केस नीट करतो. पहिल्यांदाच मत देणारी मुलगी तीनदा विचारते, "चुकलं तर पुसता येतं का हो?" आणि बाहेर येताना प्रत्येकजण बोटावरच्या शाईवर फुंकर मारतो, जणू आत काहीतरी मौल्यवान ठेवून आलाय. दोन पावलं तरी ताठ चालतो. मग फाटकाबाहेर पडून पुन्हा नेहमीसारखा होतो.

पण मी वाट बघतो ती दोघांची. चौकात रेडिओ दुरुस्त करणारे, म्हणून सगळे ज्यांना रेडिओवाले म्हणतात ते, आणि त्यांची बायको. ती फार वर्षांपूर्वी बॅग भरून दुसऱ्या गावी बहिणीकडे गेली. का, ते मला कधी कळलं नाही. फारकत नाही, कोर्टकचेरी नाही. मतदार यादीतलं नाव मात्र तिने हलवलं नाही. दर निवडणुकीला ती सकाळच्या बसने येते. ते आधीच येऊन माझ्या एका टोकाला बसलेले असतात.

"आलीस? माझं मत खोडायला?"

"तुम्ही नको त्या माणसाला देता. कुणीतरी खोडायला नको?"

"मग दोघंही घरी बसलो असतो तर हिशेब तोच की!"

"बसा ना तुम्ही. मी येणारच."

मग रांग पुढे जात राहते आणि ही दोघं हलत नाहीत. त्यांचं पथ्यपाणी, तिच्या बहिणीची कटकट, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचं लग्न. शेवटी मतं देतात आणि ती बस पकडते. 'राहतेस का' असं त्यांनी कधी विचारलं नाही, 'राहू का' असं तिने. दोघंही एकेक हट्टी. माझं बोलणं माणसांना ऐकू आलं असतं तर मीच विचारलं असतं.

यंदा ती आली आणि माझ्यावर कुणीच नव्हतं. तिने रिकाम्या जागेवर पिशवी ठेवली. कुणी बसायला आलं की म्हणे, "येतायत ते." दुपार कलली. रांग आटली. पिशवी तिथेच.

शेवटी शिपाईमामा आले. ते रेडिओवाल्यांच्याच गल्लीत राहतात. "वहिनी, ते नाही यायचे. पायरीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं. गेल्या आठवड्यात निवडणुकीची माणसं घरी येऊन, फार म्हाताऱ्यांचं घेतात तसं, त्यांचं मत घेऊन गेली."

"मला कळवायचं नाही, भाऊ?"

"मी म्हटलं होतं. तर म्हणाले, निवडणुकीला येईलच ती. आणि घरी मत द्यायलाही तयार नव्हते. मला चौघांनी उचलून शाळेत न्या म्हणे! मी म्हटलं, अहो, चौघांनी उचलायची एवढी घाई कशाला?"

ती हसली नाही. "मग मी आले कशाला?" एवढंच म्हणाली, तेही मामांना नव्हे.

"मत द्यायला, वहिनी. उठा, वेळ संपत आली."

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा बोटावर फुंकर नव्हती. "इतक्या वर्षांत कधी असं झालं नाही, भाऊ. बटण दाबताना वाटलं, भांडायलासुद्धा कुणी उरलं नाही."

"काळजी सोडा. तुमचं मत त्यांनी आठवडाभर आधीच खोडून ठेवलंय!"

आता मात्र ती हसली आणि हसता हसता रडली. पदराने डोळे पुसून पिशवी उचलली. बसची वेळ झाली होती. फाटकातून उजवीकडे बसस्थानक, डावीकडे त्यांची गल्ली. ती थोडा वेळ फाटकात उभी राहिली आणि मग डावीकडे वळली.

पुढचं मला ठाऊक नाही. मी पुन्हा वर्गात आहे, आणि बाकाला कोण बातम्या सांगतं! रोज खिडकीतून फाटकाकडे बघतो. पुढच्या निवडणुकीला दोघांनीही यावं, जमलं तर हात धरून, एकाच घरातून निघून यावं, मत द्यावं आणि न टेकता तसंच परत जावं. माझ्यावर कुणी बसलं नाही तरी चालेल.