पारंपरिक स्वागत

खाडीकाठच्या वखारपाड्यात एके काळी सागाचे ओंडके उतरायचे, दिवसभर करवतींची घरघर चालायची. आता लाकूड गेलं, करवतीही गेल्या. गाव जगतं ते शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांवर. जयप्रकाश आणि वैशालीनं आपल्या जुन्या वखारीचंच होमस्टे केलं होतं. दारावरच्या फलकावर ठळक लिहिलं होतं, 'पारंपरिक स्वागत'.

स्वागत म्हणजे दारात औक्षण. रांगोळी काढणं, वाती वळणं, तबक मांडणं हे सगळं वैशालीच्या थोरल्या जाऊबाई, सगुणावहिनी करत. गाडीचा हॉर्न वाजला, की ऐरोलीत वाढलेली, शिकली-सवरलेली वैशाली गोड आवाजात म्हणायची, "वहिनी, पाहुणे आले हं!" म्हणजे काय, तर आता तुम्ही मागे जा. वहिनींचा नवरा गेल्यापासून हे असंच चाललं होतं. कुणी आवाज चढवला नाही, कुणी अपशकुनी म्हटलं नाही. अहो, सुशिक्षित घर ना ते!

त्या शनिवारी क्षिप्रा नावाची मुलगी आईला घेऊन आली. वैशालीनं तिला कुंकू लावलं, आईकडे वळली आणि तिचं बोट थबकलं. बाईंचं कपाळ मोकळं, गळाही मोकळा. ती माउली सवयीनं स्वतःच बाजूला सरकली.

"आईला नाही लावलंत?"

"अगं... त्यांना चालेल का?"

"तिला चालतं. तुम्हाला चालत नसेल तर सांगा, आम्ही परत जातो."

गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून वैशालीनं पटकन कुंकू लावलं, ओवाळलं, वर "टेन्शन नका घेऊ हो," म्हणून हसलीही. मागे वळली तर स्वयंपाकघराच्या दारात सगुणावहिनी उभ्या होत्या. हात पिठाचे.

"पाव्हन्यांना चालतं, न गो?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, सहज चौकशी केल्यासारखं. आणि भाकऱ्या थापायला आत गेल्या.

वैशालीनं हातातलं तबक खाली ठेवलं. परक्या बाईला क्षणात दिलं ते घरच्या बाईला कधी दिलं नाही, आणि कधी मनातही आलं नाही! दुपारी तिनं नवऱ्याला सांगितलं, "पुढच्या शनिवारी वहिनी ओवाळतील."

"येडी झालीस? धंद्याचा प्रश्न आहे. लोक काय म्हणतील?"

"धंद्यासाठीच तर आज लावलं ना मी कुंकू? लाज वाटतेय मला."

पुढच्या शनिवारी हॉर्न वाजला. वहिनी नेहमीसारख्या मागच्या दाराकडे निघाल्या. वैशालीनं धावत जाऊन वाट अडवली. कुंकवाचा करंडा पुढे केला.

"वहिनी, लावू?"

"इतकी वर्सं इचारलं नाय."

"चुकलं माझं."

वहिनींनी पदराला हात पुसले. "लाव," म्हणाल्या.

वैशालीनं तबक त्यांच्या हाती दिलं आणि आपण जाऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिथून ना दिवा दिसत होता, ना रांगोळी. दिसत होती ओवाळणारीची नुसती पाठ. इतकी वर्षं वहिनींना ते स्वागत एवढंच दिसत आलं होतं.