दोरीवरचे कपडे

लतिकाने दोन बोटांनी पापण्या फाकवल्या आणि आजच मिळालेली कडक लेन्स डाव्या डोळ्यावर टेकवली. उजवी आधीच बसली होती. टचकन पाणी आलं. ते ओढणीने टिपून तिने अर्घ्याचा तांब्या उचलला आणि सासूबाईंच्या, सुमित्राबाईंच्या, मागोमाग गच्चीचा जिना चढू लागली.

गुडगावच्या नव्या ऑफिसात चष्मा नको, म्हणून तिने हट्टाने लेझर करून घेतलं होतं. वर्षभर सगळं लख्ख दिसलं. मग कॉर्निया पातळ होऊन पुढे फुगू लागला, दिव्यांना शेपट्या फुटल्या, अक्षरं जुळी दिसू लागली. ही लेन्स मानवली तर ठीक, नाहीतर कुणी दान केलेल्या कॉर्नियाची वाट बघायची, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. सासूबाईंपाशी मात्र तिने "जरा धुरकट दिसतं" एवढ्यावरच निभावलं. हट्ट तिचाच होता, आता कुठल्या तोंडाने सांगणार?

दर संकष्टीला ती समोरच्या पिवळ्या डागाकडे बघून म्हणायची, "आई, उगवला." दोघी अर्घ्य देऊन हात जोडायच्या. पानं वाढली की सुमित्राबाईंना नेमके दोरीवरचे कपडे आठवायचे आणि त्या एकट्याच पुन्हा वर जायच्या. आई विसराळू होत चालल्या, असं लतिकाला वाटायचं.

आज तिने समोर पाहिलं. शेजारच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर एक पिवळा दिवा जळत होता. खाली गंजकी शिडी, तिची एकेक पायरी सुटी दिसत होती. जागा तीच. तिचे कान तापले.

टाकीच्या बऱ्याच डावीकडे, बांधकामाच्या क्रेनमागून चंद्र वर येत होता. तांबूस, आणि एकच. त्याला शेपूट नव्हतं, शेजारी दुसरा नव्हता. दिल्लीतल्या या अख्ख्या द्वारका वसाहतीला ओरडून सांगावं, इतका तिला आनंद झाला.

"आई, उगवला."

सुमित्राबाई सवयीने टाकीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनी सुनेच्या बोटाकडे पाहिलं, मग बोटाच्या दिशेने.

"हो गं," त्या म्हणाल्या. "उगवला."

अर्घ्य देऊन दोघी खाली आल्या. लतिकाने वाफाळता मोदक त्यांच्या ताटात वाढला आणि थोडी वाट पाहिली. सुमित्राबाई निवांत मांडी घालून बसल्या होत्या.

"आई, कपडे आणायचे नाहीत?"

"आज दोरीवर काही नाही," त्या म्हणाल्या आणि लतिकाच्या मोदकावर त्यांनी आणखी एक चमचा तूप सोडलं.