सलग तीन उपड्या

हसू नका, पण मी कवडी आहे आणि विद्यापीठात शिकलेली आहे.

जन्म समुद्रातला. एका माशानं मला गिळलं, नावडली म्हणून थुंकलं, आणि मी सुरतेच्या बंदराला लागले. यातलं निम्मं खोटं आहे. कुठलं, ते तुम्ही नाणं उडवून ठरवा. पुढचं मात्र सगळं खरं आहे, आणि तेच खोटं असतं तर बरं झालं असतं.

तापीकाठी प्रकाशाजवळच्या एका गावात धनुबाईचं घर होतं. तिच्या बैलाच्या गळ्यातल्या माळेत आम्ही चाळीस जणी. एका पोळ्याला माळ तुटली, मी तिच्या मुलाच्या पायाशी घरंगळत गेले आणि त्यानं मला उचललं. गिरधर त्याचं नाव, वय चोवीस. गावातला एम. ए.चं गणित शिकणारा पहिलाच. त्यातही विषय असा, की घरी सांगायची सोय नाही: संभाव्यता. कोणती गोष्ट किती वेळा घडेल आणि सलग किती वेळा घडेल, याचा अभ्यास. परीक्षेसाठी त्याला प्रबंध लिहायचा होता, आणि नाणं दोन्हीकडून सारखं म्हणून त्यानं मला निवडलं. मी वाकडी. माझं पोट वर आलं तर उघडी, पाठ वर आली तर उपडी. दहा हजार वेळा टाकायचं, उघडीला उभी रेघ, उपडीला शून्य.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ओसरीवर घोंगडी पसरून तो मला टाकत बसे. शेजारचे सुपडूकाका रोज थांबत.

"धनुबाई, पोऱ्या शहरमा जुगार शिकी उना का?"

"जुगारी जिकासाठे खेळस," ती चुलीपासून म्हणे. "हाऊ नुसता लिखस."

"मंग त्यानाथून जुगारी बरा."

मी दहात चार वेळा उघडी पडते. माझा स्वभावच तो. धनुबाईला मात्र माझं उपडं पडणं सोसत नसे. तिच्या माहेरी बायका म्हणत, सलग तिसरी उपडी घरातलं माणूस नेते. गिरधरच्या वहीत तर अशा तिसऱ्या उपड्या शेकड्यांनी होत्या. पोरगा लिहून मोकळा होई. ती मनातल्या मनात देवाची माफी मागे.

आठ हजार दानं झाली आणि गिरधरला हिवताप चढला. तीन गोधड्या घालूनही दात वाजत. प्रबंध पाठवायची तारीख दहा दिवसांवर आली होती. त्यानं वही आईकडे सरकवली.

"माय, तू टाक. जशी पडनी तशी लिखजो."

धनुबाईला अक्षर येत नव्हतं, पण रेघ आणि शून्य कोणालाही येतं. कण्हणाऱ्या मुलाच्या उशाशी बसून तिनं मला टाकलं. उघडी. उपडी. उपडी. आणि पुन्हा उपडी. तिनं मुलाकडे पाहिलं. मग मला उचललं, कपाळाला लावलं, पुन्हा टाकलं. उघडी पडेपर्यंत टाकत राहिली आणि तेवढंच लिहिलं. दोन हजार दानं पुरी होईतो तिनं एकदाही तिसरी उपडी वहीत येऊ दिली नाही. सहाव्या दिवशी ताप उतरला. तिला वाटलं, तिनंच उतरवला.

गिरधर उठला तो भिंत धरून. पहिल्या आठ हजारांवर त्याचं गणित मांडून झालं होतं, शेवटची पानं त्यानं तशीच जोडली. पहिल्या पानावर सही केली, की सर्व दानं स्वतःच्या हातानं टाकली आहेत. मायचा हात तो आपलाच हात, असं त्याला वाटलं असावं.

तोंडी परीक्षेला मी त्याच्या मुठीत होते. परीक्षक सज्जन होते, हेच वाईट. ओरडले नाहीत. त्यांनी वही उघडून त्याच्यापुढे ठेवली.

"आठ हजारांत सलग तीन उपड्या ठायी ठायी आहेत. शेवटच्या दोन हजारांत एकही नाही. मनानं दान रचणारा माणूस सलग तीनला भितो. दान भीत नाही. ही पानं कोणाची?"

गिरधरनं पान पाहिलं. वाकड्यातिकड्या रेघा, अंड्यासारखी शून्यं. माय का भ्याली, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. मूठ इतकी आवळली की माझ्या पोटाच्या फटीतला एक दात मोडला.

"माझीच," तो म्हणाला.

प्रबंध नाकारला गेला. पुन्हा बसायची परवानगीही मिळाली नाही.

तो आगगाडीतून नंदुरबारला उतरला, घरी चालत आला. धनुबाई दारातच होती.

"पास व्हयना का?"

"व्हयनू, माय."

"मन्ह्या रेघा कामले उन्यात ना?"

"त्याच कामले उन्यात."

तिनं गावात गूळ वाटला. सुपडूकाकांना दोन खडे.

गिरधर तळोद्याला शाळामास्तर झाला. अकरा वर्षं त्रैराशिक शिकवतोय. ती वही ट्रंकेत आणि मी कोटाच्या खिशात. मला त्यानं पुन्हा टाकलं नाही.

यंदा धनुबाई अंथरुणाला खिळली. डोळ्यांत मोतीबिंदू, अंगात काही उरलं नव्हतं. एका दुपारी म्हणाली, "गिरधर, ती कवडी टाक ना मन्हासाठे."

त्यानं टाकलं. उपडी. पुन्हा उपडी. तिसऱ्यांदा उपडी. मला पोट वर करायचं होतं हो, पण दान भीत नाही, आणि दानाला दयाही येत नाही. चौथ्यांदाही मी उपडीच.

"काय पडनं रे?"

"उघडी पडनी, माय."

"लिखी ठेव."

ट्रंकेतून वही काढून तिच्या शेवटच्या शून्यापुढे त्यानं एक उभी रेघ ओढली. पेन्सिलीचा आवाज ऐकून ती शांत झाली. गिरधरच्या हातची खोटी रेघ ती एवढीच. धनुबाई दिवाळीपर्यंतही राहिली नाही.

आता मी त्या वहीवर पडून असते, पाठ वर करून. कधी तुमच्या हाती आले, तर जशी पडेन तशी लिहा, लाज धरू नका. पण अंथरुणावरून कोणी विचारलं, की काय पडलं, तर उत्तर देण्याआधी मला मुठीत झाका.